खळ लावलेलं पान

बोला, आई जगदंबेचा उदो! — अहो, जरा पोटातून! मागच्या रांगेला महाप्रसाद जास्त झालेला दिसतोय!

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. खोटं बोललेला माणूस गाढ झोपतो. घोरतो सुद्धा! आणि खरं बोलायला निघालेल्याचे पाय लटपटतात. असं का? भ्यायला पाहिजे कोणी, आणि भितोय कोण? उत्तर आत्ता देऊ नका. आधी द्वारकाबाईंची गोष्ट ऐका.

कोकणात खाडीच्या काठी आंबेखोल नावाचं गाव. तिथल्या शाळेत द्वारकाबाई नाटेकर शिकवायच्या. लग्न केलं नाही. वडील लहानपणीच खाडीत बुडाले, आई त्या दुःखाने गेली, आणि पोरीला सांभाळलं कोणी? थोरल्या काकांनी — आप्पांनी! स्वतःच्या ताटातला घास काढून दिला, सायकलवर बसवून तालुक्याला परीक्षेला नेलं. ताप आला तर रात्रभर उशाशी बसले. गाव म्हणायचं, काका असावा तर असा! आणि गाव खोटं बोलत नव्हतं.

तर या बाईंनी निवृत्त झाल्यावर काय केलं? कादंबरी लिहिली! पहिलीच! दोन प्रकाशकांकडे पाठवली. एकाने पोचसुद्धा दिली नाही. दुसरा म्हणाला, "छान आहे, पण होडीतल्या माणसांची गोष्ट आता वाचतो कोण?" बाईंना राग आला. मास्तरणीचा राग! म्हणाल्या, "कोणी छापत नाही ना? मी छापते!"

गेल्या तालुक्याच्या छापखान्यात. तो बिचारा आयुष्यभर लग्नपत्रिका छापणारा. त्याने सवयीने विचारलं, "निमंत्रकांत नावं कुणाकुणाची घालू?" हसू नका, खरंच विचारलं! मग म्हणाला, "प्रकाशक कोण?"

"मीच."

"विक्री?"

"माझ्याच घरून."

"पत्ता?"

"नाटेकरांचं घर, आंबेखोल." एवढं बोलल्या आणि बाई पहिल्यांदा थबकल्या. दुसऱ्याने छापलं असतं तर त्याच्या आड उभं राहता आलं असतं. इथे आड कोणीच नाही! आणि तो पत्ता त्यांचा एकटीचा नव्हता, आप्पांचाही होता.

आता विचाराल, एवढं होतं काय त्या पुस्तकात? सांगतो. पेटीवाले, सूर खाली घ्या. हसण्याचा भाग संपला.

द्वारका सात-आठ वर्षांची असेल. पलीकडच्या गावात लग्न होतं. सगळे तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीवर बसले. होडी चालवायचा सोमा. तो वल्हं आडवं धरून म्हणाला, "आप्पानू, वारो फिरलो हा. आता तर सोडूक नको. जरा थांबूया."

आणि आप्पा ओरडले, "मुहूर्त टळेल! मी सांगतो ना — सोड!"

गावातलं मोठं माणूस. सोमा काय बोलणार? सोडली त्याने. मध्यावर होडी उलटली, मंडळी! द्वारकेचे वडील गेले. आणखी एक बाई गेली. सोमाने द्वारकेला केसांना धरून वर काढलं, आप्पांनाही काढलं. आणि काठावर गाव जमलं तेव्हा आप्पा काय म्हणाले? "सोमा प्यायला होता."

बस! तीन शब्द! सोमाला गावाने वाळीत टाकलं. तो मुंबईला गेला, तिकडेच मेला. मागे त्याची पोर राहिली, तुळसा. दारुड्याची पोर म्हणून वाढली. तिचं लग्न दोनदा मोडलं. आता देवीच्या देवळाच्या पायरीवर बसून हार ओवते.

आणि द्वारकेने ऐकलं होतं ना सगळं? आप्पांनी तिला कुशीत घेऊन सांगितलं, "तू लहान आहेस गो. तुला काही कळलं नाही." तिला सगळं कळलं होतं. पण त्याच हाताने पुढे आयुष्यभर घास भरवला. बोलणार कशी? सांगा ना, तुम्ही बोलला असता? मान हलवू नका उगाच!

कादंबरीत तिने नावं बदलली. सोमाचा भागोजी केला, आप्पांचे दादासाहेब केले. पण आंबेखोलात त्या दोन ओळी वाचून कोण ओळखणार नाही?

दोनशे प्रती घरी आल्या. खोकी ओटीवर. आणि आप्पा — चौऱ्याऐंशी वर्षांचे! — लहान मुलासारखे खोक्यांभोवती फिरायला लागले. "नाटेकरांच्या घरात पहिलं पुस्तक! देवीपुढे उघडायचं. मंगळवारी."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. का? तर त्या गावाची रीत. नवी पोथी गावात आली की आधी देवीपुढे ठेवायची. तोवर कोणी वाचायची नाही. मग गावातल्या सगळ्यात वडील माणसाने डोळे मिटून ती उघडायची आणि जे पान निघेल ते सगळ्यांदेखत वाचायचं. सुरू केलेलं पान अर्ध्यावर सोडायचं नाही, देवीचा अपमान होतो!

"आप्पा, ही पोथी नव्हे. कादंबरी आहे."

"शहाण्या माणसाने लिहिली ना? मग पोथीच!"

"तुमचे डोळे... बारीक टाइप आहे हो."

"नवा चष्मा कशाला केलाय मग?"

आता काय करावं? आणि गावातला सगळ्यात वडील माणूस कोण? आप्पाच!

बाईंचं जेवण तुटलं. घरात कोणी पान उलटलं, पंचांगाचं का असेना, तरी दचकायच्या. आप्पांनी हाक मारली की वाटायचं — कळलं! वाचलं यांनी! मग आप्पा म्हणायचे, "चहा टाकतेस का गो?" ती माया बघून भीती आणखी वाढायची. रागीट माणूस असता तर परवडलं असतं!

आणि मंडळी, भ्यालेल्या माणसाला बुद्धी कशी सुचते बघा. दुपारी आप्पा झोपले की बाई कणकेची खळ शिजवायच्या. खोकं उघडायचं. ती दोन समोरासमोरची पानं काढायची, खळ लावायची, एकमेकांवर दाबायची. एक प्रत झाली. दुसरी घ्या. तिसरी. दोनशेच्या दोनशे! स्वतः लिहिलं, स्वतः छापलं, आणि स्वतःच्याच हाताने तोंड शिवलं!

आप्पांनी ते सत्य एकदा लपवलं होतं. हिने दोनशे वेळा लपवलं.

मंगळवार आला. देवळात गाव जमलं. सरपंच, शाळेतली मुलं, भजनी मंडळ. पायरीवर तुळसा, मांडीवर झेंडूची परडी. बाई खांबाला टेकून उभ्या. मनात एकच — आई, दुसरं कुठलंही पान काढ! लग्नाच्या तयारीचं काढ. माशांचं काढ. आमच्या मांजरीचं सुद्धा आहे, ते काढ!

आप्पांनी पुस्तक देवीच्या पायाला लावलं. डोळे मिटले. अंगठा पुस्तकात घातला.

आता विचार करा. कणकेने चिकटवलेली दोन पानं — ती वाळली की काय होतं? पुठ्ठा होतो! पुस्तकात एक जाड पुठ्ठा असला की बोट कुठे जातं? अहो, तिथेच जातं! जे लपवायला खळ लावली, त्या खळीनेच अंगठ्याला वाट दाखवली!

"हे पान चिकटलंय," आप्पा म्हणाले.

"राहू द्या आप्पा!" बाई केवढ्याने ओरडल्या. "छपाईची चूक आहे! दुसरं घ्या!"

"देवीने काढलेलं पान दुसरं कसं घेऊ?" आणि कोकणातल्या दमट हवेत कणकेची खळ किती टिकणार? आप्पांनी पोथीचं सोडवावं तसं नखाने हळूहळू पान सोडवलं. चरचर आवाज झाला. बाईंना वाटलं आपलीच कातडी निघतेय.

आप्पा वाचायला लागले. "भागोजीने वल्हं आडवं धरलं. म्हणाला, वारो फिरलो हा. आता तर सोडूक नको."

थांबले.

पायरीवर तुळसेचा हात थांबला. आणि बघा — जिने हे लिहिलं तीच आता देवीला विनवत होती, पुस्तक मिटू दे! यांनी रीत मोडू दे! मला नको ते खरं, मला माझे आप्पा हवेत!

आप्पांनी मान वर केली. द्वारकेकडे बघितलं. किती वर्षांनी त्या दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं असेल! मग चष्मा पुसला आणि पुढे वाचलं.

पुस्तकात होतं, "दादासाहेब ओरडले." आप्पांनी काय वाचलं? "मी ओरडलो. मुहूर्त टळेल, मी सांगतो ना — सोड!"

सरपंचांना वाटलं म्हातारा चुकला. ते म्हणाले, "आप्पा, दादासाहेब आहे ना तिथे?"

"पोरीने नाव बदललंय," आप्पा म्हणाले. "माझी लाज राखायला. भागोजी नाही, सोमा. दादासाहेब नाही, मी." आणि रडत रडत पुढचं वाचलं, "सोमा प्यायला नव्हता. त्याने मला पाण्यातून काढलं, आणि मी काठावर येऊन म्हणालो, तो प्यायला होता."

पान संपलं. आप्पांनी पुस्तक मिटायला घेतलं.

तेव्हा तुळसा उठली. मांडीवरचा हार खाली पडला. गावाला वाटलं आता पाया पडेल, नाहीतर शिव्या देईल. तिने दोन्ही केलं नाही. देवळात आली, आप्पांच्या समोर बसली आणि म्हणाली, "माझ्या बापाचं नाव घेऊन परत वाचा. पहिल्यापासून. मी ऐकतंय."

आणि आप्पांनी परत वाचलं. द्वारकाबाई खांब सोडून तुळसेच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांचे पाय अजून लटपटत होते. पण बसल्या.

मंडळी, आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. खरं बोलणारा का भितो? कारण ज्याला ते लागणार, तो परका नसतो. तो आपल्याला घास भरवणारा असतो! आणि खोटं बोललेला गाढ झोपतो, असं मी म्हणालो ना? चुकलो. त्या रात्री आप्पा म्हणाले, "द्वारके, मुहूर्त म्हटलं की मी अजून दचकतो गो."

बाईंनी घरी जाऊन ओल्या फडक्याने सगळ्या प्रतींची पानं सोडवली. आप्पांनी फडकं पिळून दिलं.

आणि तुम्ही? कादंबरी तुम्ही छापली नसेल. पण घरात एक पान चिकटवलेलं आहे की नाही? बहिणीचं? भावाचं? गेलेल्या बापाचं? मला सांगू नका. पण आज घरी जाल तेव्हा अंगठा तिथेच जाणार आहे. अन् तुमच्याही दाराशी कोणी तुळसा बसली असेल, हार ओवत, कान इकडे लावून. ती थकायच्या आत वाचा.

बोला, आई जगदंबेचा उदो! — हळू बोललात तरी चालेल. या वेळी ऐकू आलं.