डोंगराचे बूट

माझ्या कपाटात डोंगर चढायचे बूट आहेत, अजून कोरे. का ते सांगतो, चहा घ्या.

मुलगा सतीश सुट्टीत घरच्यांना घेऊन इंडोनेशियाला निघाला होता. तिथल्या नॅशनल पार्कात तंबूत राहायचं आणि पहाटे जिवंत ज्वालामुखीवर चढायचं. मला म्हणाला, "बाबा, येणार का? झेपेल?"

झेपेल का म्हणे. इथं बहारीनमध्ये, सित्र्याच्या तेल कारखान्यात भर उन्हात टाक्यांवर चढून मी वेल्डिंग केलंय. पण बहारीन सगळं सपाट, डोंगर बघून वर्षं झाली होती. जायचं मनात फार होतं. तरी पोरासारखं हो हो कशाला करायचं? मी म्हटलं, "इंशाल्ला."

दुसऱ्याच दिवशी बूट आणले. ते खराब नकोत म्हणून जुन्या चपला घालून घराजवळच्या अमवाजच्या किनाऱ्यावर रोज चालायला लागलो.

निघायच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, "बाबा, तुमची भाजी-आमटी फ्रीजमध्ये ठेवलीय."

मी सतीशला म्हटलं, "मी येतो म्हणालो होतो."

"तुम्ही इंशाल्ला म्हणालात. मी सायकल मागायचो तेव्हाही हेच म्हणायचात, आणि सायकल कधी आलीच नाही." मग हळूच म्हणाला, "अजून तिकीट बघू का?"

"नको. तिथं काय, धूरच ना?"

वर पोचल्यावर नातीनं व्हिडिओ कॉल केला. मागे खरंच धूर होता. फार सुंदर होता. ती म्हणाली, "आजोबा, नेक्स्ट टाइम येणार ना?"

जीभ वळली ती सवयीनं. "इंशाल्ला."

"ओके," ती म्हणाली. "नो तर नो."