एकाच जागी लाल झालेली तार

लिहून घे पोरी, माहा जनम राजूरचा, वणीकडचं राजूर, कोयशाच्या खाणीचं. तिथं रस्त्यावर कोयसा, नाकात कोयसा, वाळू घातलेल्या लुगड्यावर कोयसा, आन माहा बा चहा कशावर करे म्हनशीन तं विजेच्या शेगडीवर, कॉइलच्या. लोक हासत, म्हनत हा मानूस नदीत राहून बाटलीतलं पानी पेऊन राह्यला. पन बाले धूर सोसे नाही, छाती भरून ये, मंग काय करन? थ्या शेगडीत मातीची थाळी, थाळीत नागमोडी खाच, आन खाचेत तार. दूध उतू जाये, तारेवर करपे, काळा थर धरे, आन साफ कराचं काम माहं. बा म्हने, कमळे, आधी बोर्डातली पिन काढ मंग हात लाव. जळल्या दुधाचा वास आला तं तार नुसती मळली, तिले थंडी होऊ दे आन कोरड्या कुचीनं झाड. सारी तार सारखी लाल होते तवर तिच्यात जीव हाय. पन एकाच जागी लाल होऊन पांढरीफटक झाली आन बाकीची मंद दिसली, तं समज का थे तिथं झिजली. तवा घासत बसू नको, बदल. हे बानं मले इतक्या खेपा सांगतलं का मी झोपीतबी म्हनून दाखवीन.

माय तं मी लहान असतानाच गेली व्हती, आन माह्या लग्नाआधी बाबी गेला. आमच्यात पाठवनीच्या वक्ती माय पोरीले एक तलंग देते, म्हंजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, डालग्यात घालून, का बाई सासरी तुह्या हक्काचं एक तरी असू दे. मी ह्या बाभुळगावजवळच्या गावात आली तं रिकाम्या हातानं आली. सासूनं मले घरात घेतलं, पन बाजूची वच्छलाकाकू बोललीच, व माय, सुनेच्या मांगं एक कोंबडीबी चालत आली नाही. वच्छलाकाकूच्या मायनं तिले काळी तलंग देल्ली व्हती ना, पायापासून तुऱ्यापर्यंत काळी, आन तिचाच वंश काकूनं आजवर चालवला, एकीमांगं एक. तिले लेक नाही, लेकरू नाही, थे काळी कोंबडीच तिचं माहेर.

मंग आमच्या बचत गटानं अंडे उबवाची मशीन केली. एका मिस्तरीनं जुन्या फ्रीजच्या खोक्यात कॉइल बसवली, पंखा बसवला, आतली ऊब किती झाली थे दाखवनारा आकडा बसवला. ठेवाची कोनाच्या घरी म्हनलं तं साऱ्या बाया मांगं सरल्या, कोनी म्हने करंट लागते, कोनी म्हने लेकरं हात घालतेत. मी म्हनलं माह्या घरी ठेवा, मी कॉइलीसोबतच वाढली. आन काय सांगू तुले पोरी, पयल्या खेपेले पिलं निंगाले तवा विहारासमोरची सारी गल्ली माह्या दारात उभी! पिलं निंगते तवा त्याइची लव उडते, पंख्यानं कॉइलवर जाते, जळते, पिसं जळल्यासारखा वास येते. बायांनी नाकाले पदर लावला, म्हने मशीन जळून राह्यली. मी म्हनलं नाही व बायाहो, हा मळल्याचा वास हाय. खेप झाली का कुची फिरवते. आन तसंच केलं दर खेपेले.

पन एक गोष्ट झाली. मशीन आल्यावर बाया म्हनाले लागल्या का आता कोंबडी कायले बसवाची? खुडूक कोंबडी माहीत हाय ना तुले, अंडे देनं बंद करून नुसती ऊब द्याले बसते थे. तिची खुडूक मोडाची तं तिले थंड्या पान्याच्या बादलीत बुडवतेत. आमच्या गल्लीत जे खुडूक झाली थे बुडवली, का पटकन परत अंड्यावर येईन. वच्छलाकाकूनंबी काळीले बुडवलं. मंग थंडीच्या दिवसात एका संध्याकाळी मुंगसानं काळीले धरलं. मांगं राह्यले तिचे ओंजळभर अंडे. काकू पदरात घेऊन आली, म्हने तुह्या मशीनले माय म्हनाची पाळी आली व माय.

मशीनीत बाकीच्या बायाइचे अंडे लावले, आन काकूचे थे अंडे खालच्या ताटात वेगळे ठेवले. त्याच्या आधी मी दोन दिवस यवतमाळले गेलती, गटाच्या कामानं, आन माह्या मांगं सासूनं मशीन साफ केली. कशानं? चिंच आन राख. जशी पितळीची घागर घासतेत तशी कॉइल घासली, धुतली, उन्हात ठेवली, आन घरवाल्यानं परत बसवून देल्ली. मी आली तं कॉइल चमचम करून राह्यली. सासू म्हने माह्या घरात काळं भांडं राहत नाही. चमकत होती चांगली, मलेबी बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

पिलं निंगाच्या दिवशी सकाळीच अंड्यातून चिवचिव आयकू आली. एकाले बारीक तडा गेलता. वच्छलाकाकू दारातच बसली व्हती, च्या घे म्हनलं तं घेतला नाही. मी वाकून आत पाह्यलं तं कॉइल मधोमध बोटभर जागेत पांढरीफटक, आन बाकीची विझल्यावानी. वास काहीच नाही. बाच समोर उभा राहून सांगून राह्यला असं वाटलं मले. घरवाला म्हने, आकडा बरोबर हाय, चालून राह्यली ना, आजचा दिवस काढन, कायले छेडतं? आन त्याचंही खरं व्हतं, ऐन वक्ती उघडली तं पिलं आतल्या आत चिकटतेत. पन रात्री तुटली तं? थंडीत सकाळपर्यंत सारं गार. काकू मले पाहे, मी कॉइलले पाहे. मंग काकू हळूच म्हने,

मशीन तुही हाय कमळ. पन आत हाय थे माह्या मायची कोंबडी हाय.

मी पिन काढली.

घरवाल्यानं गाडी काढली आन बाभुळगावले नवी कॉइल आनाले हानली. मी अंडे वाकळीत गुंडाळले, गल्लीत आवाज देल्ला, खुडूक कोंबडी आना व, कोनाची असन थे! आन एकाही बाईजवळ खुडूक नाही. साऱ्याइनं बुडवल्या. मी खुद्द बुडवल्या. तेवढ्यात सासू उठली, परसात गेली, पऱ्हाटीच्या गंजीमांगं वाकली आन एक डालगं ओढलं. आत लंगडी तांबडी कोंबडी, अंड्याच्या जागी ठेवलेल्या गोट्यावर बसली व्हती, फुगून! म्या म्हनलं आत्याबाई हे काय? म्हने, बुडवत होतीस तवा लपवली. मशीनवर माहा भरोसा नाही आन घासल्याबिगर भांड्यावर नाही. सारी गल्ली हासली, वच्छलाकाकूबी हासली, डोये पुसत हासली. गोटे काढले, काळीचे अंडे तांबडीखाली सारले, तिनं जरा चोच मारली आन पंख पसरून बसली.

घरवाला आला. मी जुनी कॉइल ओढून काढली, आन बाई, पांढऱ्या जाग्यावर, चिंच-राखेनं घासून झिजली तिथंच, थे हातात तुटली, सुकल्या काडीवानी! घरवाल्याले दोन्ही तुकडे दाखवले. तो म्हने, बरं बाप्पा, तुह्या बाले सांग मी हरलो. नवी बसवली, पिन लावली, तार सारखी लाल झाली, मुकाट्यानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाकीच्या बायाइचे अंडे परत आत गेले आन बहुतेक निंगाले. आन सांज व्हाच्या आधी तांबडीच्या पंखाखालून एक ओलं काळं डोकं बाहीर आलं. वच्छलाकाकू माहा हात धरून बसली. मांगून आनखी दोन आले. बाकीचे अंडे नाही फुटले, थे खरं.

आता सासू कॉइलले हात लावत नाही, कोरडी कुची मले आनून देते. खेप लावाच्या आधी मी पिन लावून तार पाहते, मंगच अंडे ठेवते. आन दर खेपेले एक खुडूक कोंबडी राखून ठेवाची, हे गटात ठरलं.

पिलं मोठे झाले तवा वच्छलाकाकू डालगं घेऊन दारात आली. आत काळी तलंग. म्हने, पाठवनीची हाय, उशीर झाला थोडा. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

थे पाह, कोपऱ्यात बसली हाय, खुडूक झाली परवापासून. बाया म्हनतेत बुडव, अंडे देईन. मी नाही बुडवत. बसू दे तिले. तू शिकली, लिहून ठेवतं, तुहंबी मंगल हो पोरी. जाताना दार हळू लाव, उठन थे.