पाण्यात पडलेला मूस

युकॉन नदीकाठच्या आमच्या टपालघरात, रांगेत माझ्यापुढे एल्सी उभी होती. शनिवारी तिच्या दिवंगत नवऱ्याच्या नावाने गावजेवण होतं आणि मूसच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या सांबराच्या, मांसाशिवाय ते होत नाही. तेवढ्यात तिचा भाचा आला.

“मूस मिळाला, मावशी. पण पाण्यात पडला.”

“पाण्यातल्या मूसवर गोळी झाडलीस? एवढं धूड पाण्यातून ओढणार कोण?”

“काठावर होता. गोळी लागल्यावर आत गेला.”

“सगळे असंच सांगतात. बाहेर काढेपर्यंत मांस आंबलं असेल.”

“नाही. कमरेएवढ्या पाण्यातच सोलला, मांड्या सुट्या करून होडीत घातल्या. हाडाजवळ वास घेऊन पाहिला, ताजं आहे. आता धुरावर टांगलंय.”

“आणि डोकं?”

“म्हाताऱ्यांच्या सूपसाठी आणलंय.”

“मग होईल बाबा जेवण. ज्यांच्या नावाने जेवण आहे ते तुझे काकाही दर वेळी ‘काठावर होता’ असंच सांगायचे.”