नुसता हुंकार

नाही गो नेत्रा, तसं नाही — बस वाईच, चपला नको घालूस — मी 'होय' म्हटलं म्हणजे मला ते पटलं, असं कोण म्हणतं? सगळेच म्हणतात? म्हणू देत. अगो, समोरचा बोलत असला की आपण होय-होय करतो ना, तसं ते. तुझी आई फोनवर तासभर होय-होय करते, तेव्हा पलीकडचं सगळं तिला पटलेलं असतं? नुसता हुंकार तो! वीस वर्षं साप्ताहिकासाठी जुन्या माणसांच्या मुलाखती घेतोय मी. हुंकार दिला नाही तर माणूस गप्प होतो. मग लिहायचं काय, कपाळ?

आणि मोरू तांडेलाला गप्प करून कसं चालणार? ऐंशी वर्षांचा म्हातारा, उभा जन्म होडीवर गेला — वारं कधी फिरतं, सुरमई कुठल्या खडकापाशी लागते, सगळं डोक्यात. बोलता बोलता मध्येच म्हणाला, बाईमाणसाचा पाय लागला की समुद्र त्या होडीला थारा देत नाही. मी म्हटलं, होय. छापलंही तसंच, अवतरणचिन्हात. मत त्याचं, मी टिपणारा. आता पुढं तुझे वडील अंथरूण धरतील आणि होडी तू काढायला बघशील, हे काय मला स्वप्नात दिसलं होतं? म्हातारा गेला तेव्हा रूपेशला म्हटलं, आजोबांचा आवाज ठेव जपून, म्हणून रेकॉर्डिंग दिलं — तर त्या शहाण्यानं ते मच्छीमार सोसायटीच्या सभेत लावलं! 'बघा, गुरुजींनाही मान्य आहे.' दोनदा लावलं म्हणालीस? हसले पण? हं.

उद्या मी सभेत उभं राहायचं आणि सांगायचं, मला हे मान्य नाही. एवढंच ना? एवढंच. कळतंय गो मला — उद्या सोसायटीनं तुला नाही म्हटलं तर नारळी पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्या जातील, तुझी किनाऱ्यावर राहील, आणि घर तर त्याच होडीवर चालतं. सगळं कळतंय. पण मी त्यांच्या तांडेलाला खोटं पाडलं तर परवापासून बंदरावर माझ्याशी तोंड कोण उघडेल? यमुनाबाईंची मुलाखत अर्धी राहिलीय —

काय? 'होय'च्या पुढचं? 'बरोबर आहे तुमचं, तांडेल' — ते पण ऐकू येतं? पण ते तर मी काढून टाकलं होतं! म्हणजे... काढलं म्हणजे, आवाज साफ करताना... रूपेशला मूळचंच गेलं वाटतं. अरे देवा. खरं सांगू, बाय? त्यांच्याकडून पोहे आले होते, म्हातारा खुशीत होता, मीही खुशीत होतो. त्या वाक्यानं तेव्हा कुणाचं काही बिघडत नव्हतं गो! मला पटलं होतं की नव्हतं, तेच आठवत नाही. देवाशप्पथ आठवत नाही. मग उद्या उभा राहून काय सांगू मी? आणि नंतर कापलं कशाला, असं कुणी विचारलं तर?

उद्या सकाळी बघतो... गुडघाही धरलाय... अगो, उठलीस? चहा तरी — नेत्रा! एवढा बोलतोय मी आणि तू नुसती बघतेस. ऐकलंस ना? बोल काहीतरी, बाय. निदान होय तरी म्हण.