कव्हरवरचा कोळी

रॉकवाल्या पोरांना अक्कल असते असं कोणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मी वेसाव्याचा कोळी, पण सगळी उमर हॉटेलांत जॅझची फ्लूट वाजवण्यात गेली. पार्ल्याच्या पोरांनी कोळीगीतांच्या रॉक अल्बमसाठी गोरेगावच्या स्टुडिओत बोलावलं. म्हटलं, एकदा तरी आपल्या गाण्यात आपली फ्लूट ऐकू येईल. आईच्या तोंडचं गाणं जीव ओतून वाजवलं.

गिटारवाला म्हणतो, "काका, झकास! पण कोळी वाटत नाही ना."

"अरे, कोळीच वाजवतोय, मग काय गुजराती वाटणार?"

"तसं नाही काका, थोडा समुद्र पाहिजे."

त्यानं कीबोर्डचं बटण दाबलं. पिपाणीसारखं काहीतरी किंचाळलं. पोरं नाचायला लागली, "हाच खरा कोळीवाडा!" माझी फ्लूट गाण्यातून पार काढून टाकली.

वर म्हणतात, "नाराज नका होऊ काका, फोटो काढू." हातातली फ्लूट घेतली आणि खांद्यावर जाळं टाकलं.

अल्बमच्या कव्हरवर मीच आहे. बायको बघून हसत सुटली. होडीत पाय ठेवला की मला उलटी होते, हे अख्ख्या वेसाव्याला ठाऊक आहे.