काकूनं ग्रामसभेत नाव घेतलं

दिल्लीत शिकून गावी आले, ती भाषेतली बाईची गुलामी मोडायचीच म्हणून. पण तुम्ही आमची ग्रामसभा बघायला हवी होती.

आमचं गाव अहमदपूरजवळ. सरपंच माझी काकू, पण सगळे ‘सरपंच’ म्हणतात काकांना. काकूसुद्धा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ती हाक मारते, “सरपंच, जेवायला चला.”

सभेत विषय निघाला पाण्याच्या टाकीच्या वाटेवरच्या शेडचा. शेड काकांचंच. त्यापायी बायकांना हंडे घेऊन गटारातून जावं लागतं. ग्रामसेवक म्हणाले, “अतिक्रमण कुणाचं, ते सरपंचबाईंनी नावानिशी सांगावं.”

काकूनं काकांकडे पाहिलं. काका मिशीत हसत होते.

मी उठून म्हणाले, “काकू, नाव न घेणं ही बेडी आहे. तोडा ती.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “आगं पोरी, ती अशी न्हाई घ्यायची. उखाण्यात घे म्हण.”

काकूनं पदर सावरला.

“हंड्यावर कळशी, कळशीवर तांब्या,
दिगंबररावांचं शेड पाडा, कशाला म्हणता थांबा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काका नवरदेवासारखे लाजले आणि स्वतःही टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात ग्रामसेवकांनी ठराव मंजूर करून टाकला.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच पत्रे उतरवत होते. मी म्हणाले, “काका, विरोध का नाही केला?”

“चार लोकांत बायकोनं नाव घेतल्यावर न्हाई कसं म्हणावं? पण पुढच्या बारीला घरीच घे म्हणावं तिला.”