निघायचं असतं, थांबायचं नसतं

बाईक घेताना इंजिन-बिंजिन नंतर बघा रे, आधी स्वतःचे पाय बघा. मी ती उंच ऑफरोडवाली घेतली. पूर येवो, रस्ता खचो, आपण बायकोला मागे बसवून शेताशेतातून निघणार! शोरूममध्येच ती म्हणाली, "अरे, तुझे पाय टेकत नाहीत." मी म्हणालो, "संकटात निघायचं असतं, थांबायचं नसतं."

पहिलं संकट आलं ते तिच्या दाढेचं. टेमघरच्या आमच्या घराच्या ओट्यावरून टांग टाकली आणि निघालो. दाताचा दवाखाना आला, पण पाय टेकायला फुटपाथच मोकळा नाही, सगळीकडे टेम्पो लागलेले. दवाखाना गेला मागे. ही सुजलेल्या तोंडाने ओरडतेय, "वळ! अरे वळ!" मला वाटलं, दाढ दुखत असतानाही काय डोकं चालवलंय! जवळच्याच वळ गावात गोदामं, गोदामांना माल उतरवायचे ओटे. नेली थेट वळला.

ओट्याला टेकलो तसा वॉचमन धावत आला, "खाली करना है क्या?"

ही उतरली. तोंड सुजलेलं, तरी शब्द न् शब्द स्पष्ट, "हां भैया. इसको अंदर डालो और ताला मारो."